किल्ल्यांचे फोटो काढतो आपण, मिठागरांचं काय? (उरणहून)

बेलापूरला पाम बीच रोड जिथे संपतो त्या चौकाला आपण सगळे 'किल्ला' म्हणतो. रिक्षावाल्याला 'किल्ला' सांगितलं की तो बरोबर सोडतो. समोर महापालिकेचं मुख्यालय, त्याच्यापुढचा उंच झेंडा, सिग्नलला तुंबलेल्या गाड्या. आणि खरा किल्ला? तो मागे खाडीच्या बाजूला, झाडाझुडपांत, एक बुरूज आणि थोडी तटबंदी घेऊन उभा आहे. सिद्द्यांनी सोळाव्या शतकात बांधला असं सांगितलं जातं. पुढे पोर्तुगीज आले, मग मराठे आणि १८१७ मध्ये इंग्रज. पोर्तुगीज या जागेला शाबाज म्हणायचे. आपलं शहाबाज गाव अजून तिथेच आहे.

नवी मुंबईत इतिहास नाही, हे सिडकोचं शहर, १९७० नंतरचं, असं म्हणणारे मला रोज भेटतात. त्यांना मी एवढंच सांगतो, बाबांनो, आपल्या स्टेशनांची नावं तरी नीट वाचा.

खारकोपर. शेमटीखार. उरण तालुक्यात गेलात तर जसखार, सावरखार. या सगळ्या नावांत 'खार' कशाला आलाय? भरतीचं पाणी जिथे चढतं, बांध घालून जी जमीन राखावी लागते ती खार. आपल्याकडची बरीचशी सपाट जमीन ही निसर्गाने दिलेली नाही. माणसांनी चिखलात उभं राहून, पाटी पाटी माती टाकून, समुद्राकडून ती मागून घेतलेली आहे. काही ठिकाणी तिच्यावर भात पिकवला आणि जिथे भात येत नव्हता तिथे मीठ पिकवलं.

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्या भागातले किल्ले आणि मिठागरं एकाच इतिहासाचे दोन भाग आहेत. किल्ला होता तो खाडीवर नजर ठेवायला आणि खाडीतून जी संपत्ती जात होती तिच्यात मीठ मोठं होतं. किल्ल्यासाठी आज निदान निवेदनं जातात, मोहिमा निघतात, निधीच्या बातम्या येतात. मिठागर भरावाखाली गेलं तर त्याची दोन ओळींची बातमीसुद्धा होत नाही. हे नीट बघावं म्हणून परवा रविवारी उरणला जाऊन आलो.

लांबचं उरण

तरुण वाचकांना आता गंमत वाटेल, पण उरण हे परवापर्यंत 'लांब' होतं. मुंबईच्या समोर, डोळ्याला दिसतं इतकं जवळ, तरी लांब. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच पकडायची. पावसाळ्यात समुद्र खवळला की ती बंद. ओहोटीला मोरा बंदरात गाळ, म्हणून तेव्हाही बंद. रस्त्याने जायचं तर बेलापूरहून बस आणि पुढे कंटेनरच्या रांगा. लग्नाला जायचं असलं तर मुहूर्ताच्या तीन तास आधी निघायचं हा अलिखित नियम होता.

रेल्वे आधी खारकोपरपर्यंत आली, नोव्हेंबर २०१८ मध्ये. तिथून उरणपर्यंत यायला तिला १२ जानेवारी २०२४ उजाडला. त्याच दिवशी अटल सेतूही सुरू झाला. २१.८ किलोमीटरचा पूल, शिवडीवरून थेट इकडे. बेलापूर ते उरण साधारण २७ किलोमीटरची लाईन आहे. गाडीत बसून खिडकीबाहेर बघत गेलं की सगळा इतिहास उलटा वाचता येतो. आधी उलव्याचे टॉवर, मग कंटेनरचे यार्ड, मग मध्येच एखादा तिवरांचा पट्टा आणि त्याच्यामागे उथळ पाणी धरून बसलेले चौकोन. बांध घातलेले, सरळ रेषेतले. ती मिठागरं, किंवा त्यांचं जे उरलंय ते.

बेट, डोंगर आणि दगडातला लेख

उरण हे मुळात बेट. जुन्या कागदांत त्याला करंजा म्हणतात. दोन डोंगर, मध्ये सपाटी आणि भोवती खाडी. मोठा डोंगर म्हणजे द्रोणागिरी. मारुतीराया संजीवनीचा डोंगर घेऊन चालला होता, त्याचा एक तुकडा इथे पडला, अशी गोष्ट गावातली आजी अजून सांगते.

गोष्ट बाजूला ठेवली तरी गाव जुनं आहे, याला दगडाचा पुरावा आहे. उरणजवळच्या चाणजे गावात शिलाहार राजांचे शिलालेख सापडले. त्यातला एक उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर याचा, शके ११८२ चा, म्हणजे इ.स. १२६०. उरणमधल्या या गावातल्या एका बागेचं उत्पन्न ठाण्याच्या उत्तरेश्वर महादेवाला दिल्याचं त्यात आहे. म्हणजे साडेसातशे वर्षांपूर्वीही उरण नकाशावर होतं, तिथल्या वाडीचं उत्पन्न मोजलं जात होतं आणि ते ठाण्याला जात होतं. उत्पन्न इथलं आणि ते जायचं दुसरीकडे! ही ओळ लक्षात ठेवा, पुढे परत लागेल.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले. त्यांनी द्रोणागिरीच्या माथ्यावर ठाणं केलं, चर्च बांधलं. १७३९ मध्ये, चिमाजीअप्पांची वसईची मोहीम चालू असताना, मानाजी आंग्र्यांनी हे बेट पोर्तुगिजांकडून घेतलं. १७७४ च्या अखेरीला इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला आणि साष्टी घेतली, त्यातच करंजाही गेलं. मग पेशवे आणि इंग्रज यांची पहिली लढाई झाली. वडगावला इंग्रजांची फजिती झाली, ते आपण शाळेत शिकलो. पण १७८२ च्या सालबाईच्या तहात काय झालं ते फारसं कोणी सांगत नाही. इंग्रजांनी लढाईत घेतलेला बराच मुलूख परत केला. साष्टी, घारापुरी, करंजा आणि शेजारचं छोटं हॉग बेट एवढं मात्र त्यांनी सोडलं नाही.

का सोडलं नाही? नकाशा उघडा. ही चार ठिकाणं म्हणजे मुंबई बंदराचा दरवाजा. द्रोणागिरीवर उभा राहिलेला माणूस मुंबईत येणारं प्रत्येक जहाज बघू शकतो. पेशवाई बुडायच्या छत्तीस वर्षं आधीच उरण इंग्रजी झालं ते याच कारणाने. आणि म्हणूनच उरण नंतर बरीच वर्षं ठाणे जिल्ह्यात राहिलं, १८८३ मध्ये ते कुलाब्यात आलं. तो कुलाबा पुढे १९८१ मध्ये रायगड झाला.

वर काय आहे

द्रोणागिरीवर चढायला फार त्रास नाही, पण ऊन डोक्यावर यायच्या आत जा. वर दरवाज्याचे अवशेष आहेत, चर्चच्या भिंती, पाण्याचं टाकं. बोर्ड नावाला. काही हौशी तरुण मंडळं वर जाऊन साफसफाई करतात, त्यांना मनापासून सलाम.

पण खरा किल्ला वर गेल्यावर खाली बघितलं की कळतो. एका बाजूला ओएनजीसीचा प्रकल्प. १९७४ मध्ये बॉम्बे हायला तेल लागलं आणि या डोंगराच्या पायथ्याचं नशीब बदललं. त्या बाजूचे फोटो काढू नका, सुरक्षेचा प्रश्न आहे आणि तो रास्त आहे. दुसऱ्या बाजूला करंजाची होडकी, पलीकडे रेवस. उत्तरेला न्हावा-शेवा बंदराच्या क्रेन, एकाला एक लागून. २६ मे १९८९ ला सुरू झालेलं हे बंदर आज देशातल्या सगळ्यात मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक. आणि समोर धुरकट मुंबई.

सोळाव्या शतकातला शिपाई इथे उभा राहून गलबतं मोजत होता. आज इथून कंटेनर मोजता येतात. जागा तीच, कारणही तेच. फक्त मधली एक गोष्ट दिसेनाशी झालीय. त्या शिपायाला खाली हिवाळ्या-उन्हाळ्यात पांढऱ्या राशी दिसायच्या, त्या आता शोधाव्या लागतात.

मीठ कसं 'पिकतं'

खाली उतरून मी रेल्वेच्या पलीकडे, एका जुन्या मिठागराच्या बांधावर गेलो. तिथे एक वयस्कर आगरी गृहस्थ बसले होते. 'काका, हे मिठागर चालू आहे का?' म्हणून विचारलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हसले. म्हणाले, "आरं बाला, मीठ पिकवाचा म्हंजे पान्याला राखाचा. आता पानी राखनारा कोन हाय?"

मग तासभर त्यांनी मला मिठागर समजावून सांगितलं. ते इथे थोडक्यात देतो, कारण हे कुठल्या शाळेत शिकवत नाहीत.

पावसाळा संपला की आधी बांधाची दुरुस्ती. खेकड्यांनी पाडलेली भोकं बुजवायची, चिखल चढवायचा. मग उधाणाची वाट बघायची. अमावास्या-पौर्णिमेला भरती मोठी असते तेव्हा उघडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, खाडीचं पाणी मोठ्या साठवणीच्या तलावात घ्यायचं. भांगाच्या दिवसांत भरती लहान, तेव्हा पाणी आत येत नाही, म्हणून उधाण चुकलं की पंधरा दिवस गेले. हे पाणी उन्हात तापतं, घट्ट होतं. मग एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, दरवेळी थोडं अधिक खारट.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. ते आटत आटत मूळच्या दहाव्या हिश्शावर आलं की मीठ धरायला लागतं. त्याच्या आधीच चुन्याचे क्षार खाली बसतात, म्हणून ते आधीच्या वाफ्यात सोडायचे आणि वरचं पाणी पुढे न्यायचं. शेवटच्या वाफ्याची जमीन आधी पायांनी तुडवून तुडवून फरशीसारखी घट्ट केलेली असते, नाहीतर मिठात माती येते. मीठ धरलं की ते ओढून राशी करायच्या. पहिला पाऊस यायच्या आत राशी गवताने झाकायच्या.

शाळेत न गेलेली माणसं हे रसायनशास्त्र पिढ्यानपिढ्या डोळ्याने आणि जिभेने करत होती. पाण्याचा रंग बघून सांगायची की उद्या मीठ धरेल. 'आगरी' हे नावच आगरावरून आलं असं मानतात आणि जुन्या नोंदींत 'मीठ आगरी' अशी पोटशाखाच सापडते. म्हणजे एका अख्ख्या समाजाची ओळख या चिखलाशी जोडलेली आहे. काकांचे वडील, आजोबा मिठागरावरच. "बांद फुटला का सगला संपला," ते म्हणाले. "राती-बेराती उधान आला का गाव धावाचा."

बाईमाणूसही यात बरोबरीने होतं. डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहायचं काम बहुतेक बायकांचं. त्यांचं नाव कुठल्या सातबाऱ्यावर नाही.

महाराज आणि मीठ

किल्लेप्रेमी मित्रांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. शिवाजी महाराजांचं १६७१ चं एक पत्र प्रसिद्ध आहे, कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना लिहिलेलं. विषय कोणता? मीठ! पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या बारदेशातून स्वस्त मीठ येत होतं, त्यामुळे व्यापारी तिकडे वळत होते आणि संगमेश्वराकडच्या आपल्या मिठागरांचा माल पडून राहत होता. महाराजांनी बजावलं की बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवा, ते आपल्या मिठापेक्षा महाग पडलं पाहिजे.

साडेतीनशे वर्षांपूर्वी एक राजा आपल्या मिठागरवाल्याच्या पोटाचा विचार करून जकातीचा दर ठरवतो. त्या काळी मीठ म्हणजे काय होतं हे यावरून लक्षात येतं. घाटावर मीठ होत नाही. बैलांचे तांडे कोकणातून मीठ घेऊन वर जायचे आणि वरून धान्य घेऊन खाली यायचे. मीठ अडलं की घाटावरची चूल अडली. म्हणून ज्याच्या हातात खाडी, बंदर आणि घाटाचं नाकं, त्याच्या हातात राज्याची नाडी. आपल्या खाडीवरचे किल्ले या नजरेने बघा, वेगळे दिसतील.

कर, कायदा आणि चिरनेर

हे इंग्रजांनाही पक्कं कळलं होतं. १८८२ चा मिठाचा कायदा आणि मुंबई इलाख्यासाठी १८९० चा वेगळा कायदा. परवान्याशिवाय मीठ करायचं नाही, सरकारी पहाऱ्याशिवाय हलवायचं नाही. दांडीयात्रेच्या वेळी मणामागे, म्हणजे सुमारे ३७ किलोमागे, सव्वा रुपया कर होता. ज्याच्या अंगणात खारं पाणी येतं त्याने चिमूटभर मीठ उचललं तर तो गुन्हेगार. गांधीजींनी ६ एप्रिल १९३० ला दांडीला जे केलं त्याचा अर्थ इथल्या माणसाला समजावून सांगावा लागला नाही. मुंबईत वडाळ्याच्या मिठागरावर त्याच उन्हाळ्यात हजारो लोक चालून गेले.

पण जून आला, पाऊस आला. पावसाळ्यात मीठ करता येत नाही. मग लढा थांबवायचा का? महाराष्ट्रात त्याच वेळी जंगल सत्याग्रह सुरू झाला तो यातून. मिठाचा कायदा मोडता येत नसेल तर जंगलाचा मोडू. उरण तालुक्यातल्या चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी अक्कादेवीच्या माळावर लोक जमले आणि गोळीबार झाला. आठ जण हुतात्मा झाले. त्यात नाग्या महादू कातकरी होते. आगरी, कोळी, आदिवासी, सगळे एका रांगेत. दरवर्षी २५ सप्टेंबरला तिथे मानवंदना होते. एकदा तरी मुलांना घेऊन जा.

मिठावरचा कर १९४७ मध्ये गेला. कर गेला, स्वातंत्र्य आलं. मग मिठागरं वाढायला हवी होती ना?

मग काय झालं

दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे बाजार. गुजरातमध्ये पाऊस कमी, जमीन अफाट, आज देशातल्या एकूण मिठापैकी तीन चतुर्थांशाहून जास्त मीठ तिथे होतं. आपल्याकडे चार महिने पाऊस, छोटे वाफे, हाताचं काम. दरात आपण टिकलो नाही. १६७१ च्या पत्रासारखं पत्र या वेळी कोणी लिहिलं नाही.

दुसरी गोष्ट नवी मुंबई. १९७० मध्ये सिडको आली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यातली ९५ गावं, ३४४ चौरस किलोमीटरचा आराखडा. शेतं, खार, मिठागरं, सगळं त्यात. मोबदल्यासाठी जे झालं ते १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई-दास्तान फाटा परिसराने रक्ताने लिहून ठेवलंय. दि. बा. पाटील साहेबांच्या नेतृत्वाखालचं ते आंदोलन, पोलिसांचा गोळीबार, पाच हुतात्मे. त्यातून पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली. देशात विकसित जमीन परत देण्याची चर्चा होते तेव्हा आजही या लढ्याचं नाव निघतं.

पण मिठागरावर मजुरी करणाऱ्याच्या नावावर जमीन नव्हती. जमीन नाही तर साडेबारा टक्के कशाचे? मिठागर कामगार, बारा बलुतेदार यांच्या भूखंडांच्या मागण्या वर्षानुवर्षं निवेदनांत राहिल्या. वर चाणजेच्या लेखाबद्दल म्हटलं होतं ना, उत्पन्न इथलं आणि ते जायचं दुसरीकडे? साडेसातशे वर्षांत एवढं मात्र बदललं नाही.

पाणी विसरत नाही

आता कोणी म्हणेल, ठीक आहे, मिठागरं गेली. बंदर आलं, रेल्वे आली, विमानतळ आला, नोकऱ्या आल्या. जुनं जाणारच. मीही विकासाच्या विरोधात नाही. त्याच रेल्वेने बसून गेलो होतो.

प्रश्न वेगळा आहे. मिठागर नुसतं मीठ देत नव्हतं. ते भरतीचं पाणी झेलत होतं. उधाणाला जे जादा पाणी खाडीत चढतं त्याला पसरायला मोकळी जागा होती, दारं होती, आणि ती दारं उघडायची-लावायची कोणी, हे ठरलेलं होतं. भराव झाल्यावर ती जागा गेली. पाणी मात्र तेवढंच येतं. उरणच्या खाडीकाठच्या गावांतून दर पावसाळ्यात आणि मोठ्या उधाणाला फोन येतात. बांध फुटला, खारं पाणी शेतात शिरलं, काही ठिकाणी घरात शिरलं. एकदा शेतात खारं पाणी बसलं की पुढचे काही हंगाम भाताचं नाव काढायला नको. खारलँडकडे अर्ज जातात, पाहणी होते, निधीची वाट बघितली जाते. पूर्वी बांध फुटला की गाव धावायचं. आता बांध कोणाचा, इथूनच भांडण सुरू होतं.

पाणजेची पाणथळ बघा. हिवाळ्यात हजारो पक्षी येतात तिथे. तिथे भरतीचं पाणी येऊ द्यायचं की नाही यावरून पर्यावरणवादी आणि यंत्रणा यांच्यात कित्येक वर्षं वाद चालू आहे, तो हरित लवादापर्यंत गेला. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला, आपण सगळ्यांनी अभिमानाने पोस्ट टाकल्या. पण भरतीला खाडीतला चिखल पाण्याखाली जातो तेव्हा त्या पक्ष्यांना टेकायला आपल्याकडचीच उथळ तळी आणि जुनी मिठागरं लागतात. पक्ष्याला हद्द कळत नाही.

आणि हा प्रश्न एकट्या उरणचा नाही. मुंबईत मुलुंड, भांडुप, कांजूरमार्गकडची २५५.९ एकर मिठागराची जमीन २०२४ मध्ये धारावी पुनर्विकासाच्या घरांसाठी द्यायचं ठरलं. घरं हवीतच. पण २६ जुलै २००५ बघितलेल्या शहराने पाणी कुठे जाणार हा प्रश्न आधी विचारायला नको?

काय करता येईल

नुसतं हळहळून उपयोग नाही. गोव्यात पेडण्याच्या आगरवाड्याला आजही मीठ काढतात, लोक बघायला जातात, तिथूनच विकत घेतात. फ्रान्समध्ये गेरांद नावाचं गाव आहे. तिथल्या मिठागरांवर १९७० च्या आसपास पर्यटनाचे मोठे प्रकल्प येऊ घातले होते. मिठागरवाले आणि गावकरी उभे राहिले, मिठागरं वाचली. आज तिथलं हाताने काढलेलं मीठ जगभर चढ्या भावाने विकलं जातं. आपल्याकडे मुंबईचं गिऱ्हाईक तासाभरावर आहे, रेल्वे दाराशी आहे. मग उरणचं मीठ पिशवीत का येऊ नये?

माझ्या मागण्या चार आहेत आणि चारही होण्यासारख्या आहेत.

एक, उरण-पनवेल पट्ट्यात आज किती मिठागरं शिल्लक आहेत, किती चालू, किती बंद आणि मालकी कोणाची, याची गावनिहाय यादी जाहीर करा. केंद्राचं मीठ खातं, महसूल आणि सिडको एकत्र बसले तर हे फार मोठं काम नाही.

दोन, निदान एक मिठागर चालू स्थितीत राखा, बांध आणि उघडीसकट. संग्रहालय म्हणून काचेत नको, चालू हवं. शाळेच्या सहली तिथे न्या. त्याच सहलीत द्रोणागिरी दाखवा, चाणजे दाखवा, चिरनेर दाखवा. एका दिवसात साडेसातशे वर्षं होतात.

तीन, भरावाची कुठलीही परवानगी देताना आधी तिथल्या उघड्या कुठे होत्या हे गावातल्या जुन्या माणसांना विचारा आणि ते कागदावर घ्या.

चार, द्रोणागिरी आणि बेलापूर या दोन्ही ठिकाणी माहितीचे नीट फलक लावा. किल्ला कोणी जिंकला एवढंच नको. तो कशासाठी होता आणि खाली कोण राबत होतं, तेही लिहा.

आणि एक काम तुमच्या-माझ्या हातातलं. मिठागरावर काम केलेली पिढी आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहे. त्यांच्याकडे वाफ्यांची नावं आहेत, भरतीचे हिशेब आहेत, राशी झाकतानाची गाणी आहेत. ही माणसं गेली की हे शब्दही जातील, आणि ते कुठल्या गॅझेटियरमध्ये पूर्ण सापडणार नाहीत. तुमच्या घरात आजी-आजोबा, मामा-मामी असतील ज्यांनी मिठाच्या पाट्या वाहिल्यात, तर येत्या रविवारी त्यांच्याजवळ बसा. मोबाईल समोर ठेवा, रेकॉर्डिंग चालू करा आणि बोलू द्या. मला पाठवलंत तर गावाच्या नावासह, तुमच्या परवानगीने, या पानावर एकेक करून देईन. कोणाकडे चालू मिठागराचा जुना फोटो असेल तर तोही द्या.

सुरुवात करायला एकच प्रश्न देतो. घरच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, 'आपल्या गावची उघडी कुठे होती?' बघा, किती वेळ बोलतात ते.